लिनक्सला न दिसणारे लॅन कार्ड

‘लिनक्सला लॅन कार्ड दिसत नाही’ या एका तक्रारीखाली बरेच वेगवेगळे बिघाड येतात. कधी कार्ड मदरबोर्डलाच सापडत नसते. कधी ते सापडते, पण त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये नसतो. कधी ड्रायव्हर असतो, पण त्याला लागणारी फर्मवेअरची फाइल डिस्कवर नसते. आणि कधी हे सगळे जागच्या जागी असूनही कार्डाचे नाव बदललेले असते व जुनी सेटिंग भलत्याच नावाची वाट पाहत बसलेली असते. पडद्यावरचा परिणाम चारही वेळा एकच, नेटवर्क नाही. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा. म्हणून बिघाड नेमका कोणत्या पायरीवर आहे हे आधी ठरवायचे आणि मगच हात घालायचा, हा या कामाचा पहिला नियम.

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न नेहमीचा आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-कोर्ट प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले आणि उबुंटू लिनक्स तालुका न्यायालयांपर्यंत पोहोचले. सी-डॅकची ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणालीही सरकारी कामासाठी उपलब्ध आहे. याखेरीज दुसरा, मोठा प्रवाह जुन्या यंत्रांचा. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा, जानेवारी २०२० मध्ये विंडोज सेव्हनचा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज टेनचा आधार संपला, आणि दर वेळी शाळेच्या प्रयोगशाळेतले, दुकानातले, सेवा केंद्रातले धडधाकट संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. त्यांना पुढे चालवायचे तर लिनक्स हा सरळ मार्ग आहे. सुट्या भागासाठी सुमारे ६५ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला खेप मारण्याआधी तो भाग खरोखर गेला आहे की नाही, हे टेबलावरच कळणे इथे फार मोलाचे ठरते.

तपासाची सुरुवात स्क्रू ड्रायव्हरने नव्हे, डोळ्यांनी होते. केबल लावल्यावर कार्डाच्या मागचा दिवा लागतो का, हे पाहावे. संगणक चालू असताना दिवा लागत असेल तर कार्डाला वीज मिळते आहे आणि पलीकडचा स्विचही जागा आहे. मात्र दिवा न लागणे हा कार्ड मेल्याचा पुरावा नाही, कारण काही कार्डांचा दिवा ड्रायव्हर चढेपर्यंत लागतच नाही. केबल दुसऱ्या चालू संगणकावर लावून पाहावी आणि स्विचचे तोंड बदलावे. गावात केबल हाताने क्रिम्प केलेली असते, आणि आठ तारांपैकी एक जरी नीट बसली नसली तर कार्डावर खापर फुटते.

ऑनबोर्ड लॅन असेल तर पुढचा मुक्काम बायोस. पेंटियम ४ च्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ या पानावर ऑनबोर्ड लॅन चालू-बंद करण्याची सोय असते. तिच्याशेजारीच ‘बूट रॉम’ नावाची दुसरी ओळ असते; ती नेटवर्कवरून संगणक सुरू करण्यापुरती असल्याने बंद असली तरी बिघडत नाही. पहिली ओळ बंद असेल, तर मात्र लिनक्सला काही केल्या कार्ड दिसणार नाही. आणि ती ओळ आपोआप बंद होऊ शकते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल उतरला की बायोसच्या सेटिंग मूळ पदावर जातात. अशा संगणकाची तारीखही मागे गेलेली असते, आणि त्यातून वेगळाच घोटाळा होतो: कार्ड सुरू होते, नेटवर्क मिळते, पण सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्र अमान्य म्हणून उघडत नाहीत आणि पॅकेज उतरवणारा अ‍ॅप्ट ‘ही फाइल अजून वैध नाही’ म्हणून थांबतो. पाहणाऱ्याला वाटते लॅनच बंद आहे. सेल बदलणे हा जुन्या यंत्रावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो सर्वांत शेवटी आठवतो.

मराठवाड्यात आणखी एक कारण कायम ध्यानात ठेवावे लागते, ते म्हणजे वीज. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा तिचा झटका विजेच्या तारेतून येतो तसाच टेलिफोनच्या तारेतूनही येतो. ब्रॉडबँडचा मोडेम टेलिफोनच्या तारेला आणि संगणक मोडेमला जोडलेला असतो, त्यामुळे बाकी संगणक शाबूत राहून फक्त लॅनची चिप जळते. अशी चिप कधी पुरती नाहीशी होते, तर कधी अर्धवट जिवंत राहते. अर्धवट जिवंत चिप लिनक्स ओळखू येईल अशी दाखवते: उपकरणांच्या यादीत तिच्यापुढे आवृत्ती ‘एफएफ’ आणि ‘अज्ञात हेडर’ असा इशारा येतो. संगणकाने चिपला प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल फक्त एकचे आकडे परत आले, असा त्याचा अर्थ. संगणकाची वीज भिंतीवरच्या बटणापासून पूर्ण तोडून, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करूनही तेच दिसले, तर त्या चिपवर सॉफ्टवेअरचा वेळ घालवू नये.

वीज पूर्ण तोडण्याचा उपाय आणखी एका प्रसंगात लागू पडतो. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर बंद होताना रियलटेकची काही कार्डे झोपेच्या अवस्थेत ठेवून जातो. त्यानंतर लिनक्सला कार्ड दिसते, पण तार जोडलेली असूनही ‘तार नाही’ असे उत्तर मिळते. प्लग काढून घातला की ते जागे होते. कायमचा उपाय विंडोजमध्ये जाऊन करावा लागतो: कार्डाच्या गुणधर्मांतली, संगणक बंद असतानाही त्याला लॅनवरून जागे करण्याची सोय बदलावी लागते.

सुटे कार्ड असेल तर ते स्लॉटमधून काढून, सोनेरी दात खोडरबरने हलके पुसून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहावे. धूळ, दमटपणा आणि वर्षानुवर्षांचा गंज एवढ्याने जातो. स्लॉट बदलल्याने इंटरप्टची, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याच्या संकेताची, वाटणीही बदलते. जुन्या मदरबोर्डावर दोन उपकरणांना एकच इंटरप्ट मिळून कार्ड मुके होण्याचे प्रकार घडतात, आणि कर्नेलच्या नोंदीत ‘या इंटरप्टची कोणी दखल घेतली नाही’ अशा अर्थाची ओळ येते. अशा वेळी कर्नेलला सुरुवातीलाच ‘नोएपिक’ किंवा ‘आयआरक्यूपोल’ हे पर्याय देऊन पाहतात. दोन्ही पर्याय यंत्र मंद करू शकतात, म्हणून ते निदानापुरते; इलाज स्लॉट बदलण्याचा.

इथून पुढे लिनक्सचे काम सुरू होते, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची आज्ञा एलएसपीसीआय ही आहे. तिला ‘एनएनके’ ही अक्षरे जोडली की पीसीआय मार्गावरच्या प्रत्येक उपकरणाची तीन गोष्टींसह नोंद मिळते: नाव, ओळख क्रमांक आणि त्याला सांभाळणारा ड्रायव्हर. एखाद्या कोअर २ ड्युओ यंत्रावर ‘इथरनेट कंट्रोलर’ या शब्दांनी सुरू होणारी ओळ असते, पुढे रियलटेकचे नाव, आणि चौकटी कंसात ‘१०ईसी:८१६८’. खालच्या ओळीत वापरात असलेला ड्रायव्हर ‘आर८१६९’ लिहिलेला असतो. ही खालची ओळच नसेल, तर कार्ड सापडले आहे पण त्याला वाली नाही. आणि वरची ओळही नसेल, तर प्रश्न लिनक्सचा नसून बायोसचा, स्लॉटचा किंवा चिपच्या मरणाचा आहे. तपासातला सर्वांत मोठा फाटा हाच.

कंसातले दोन आकडे हीच कार्डाची खरी ओळख. पहिला उत्पादकाचा, दुसरा चिपचा. १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे एथेरॉस, ११०६ म्हणजे व्हीआयए, १०३९ म्हणजे एसआयएस, १०बी७ म्हणजे थ्रीकॉम. नावाच्या जागी कधी ‘अनोळखी उपकरण’ असे येते आणि पाहणारा घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. नावे एका वेगळ्या यादीतून छापली जातात, आणि यादी जुनी असली की नवी चिप निनावी दिसते. ड्रायव्हर त्या यादीकडे पाहतच नाही, तो फक्त आकडे जुळवतो. निनावी कार्ड व्यवस्थित चालताना आणि नावाजलेले कार्ड ठप्प पडलेले दिसते, ते यामुळेच.

खोक्यावरच्या नावापेक्षा आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, याचे चांगले उदाहरण डी-लिंकचे आहे. या कंपनीच्या भारतीय शाखेचे कार्यालय गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे, आणि तिची कार्डे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दुकानांत मिळत आली. डीएफई-५३०टीएक्स हे कार्ड व्हीआयएच्या ऱ्हाइन चिपवर चाले. त्याच नावापुढे अधिकचे चिन्ह लागले की आत रियलटेक ८१३९ ची चिप असे. एकाचा ड्रायव्हर व्हीआयए-ऱ्हाइन, दुसऱ्याचा ८१३९टू. नावावरून ड्रायव्हर शोधणाऱ्याची दिशा इथे चुकतेच.

फार जुन्या, नव्वदच्या दशकातल्या आयएसए कार्डांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे असा ओळख क्रमांकच नसतो, म्हणून एलएसपीसीआय त्यांना कधीच दाखवणार नाही. एनई२००० जातीच्या कार्डासाठी ड्रायव्हर चढवताना पत्ता, बहुधा ३०० हेक्स, हाताने सांगावा लागतो. असे यंत्र आता क्वचितच दिसते. यूएसबीवरच्या लॅन जोडणीसाठी एलएसयूएसबी ही आज्ञा वापरतात. आकडे वाचण्याची रीत तीच.

आकडे हाती आले की ड्रायव्हरचा शोध सोपा होतो. लिनक्समध्ये इथरनेटचे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात, वेगळी सीडी शोधावी लागत नाही. या समृद्धीचे मोठे श्रेय डोनाल्ड बेकर यांना जाते. नासाच्या गॉडर्ड केंद्रात १९९४ मध्ये बाजारातले साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारताना त्यांनी त्या काळच्या स्वस्त कार्डांसाठी एकामागून एक ड्रायव्हर लिहिले. शंभर-दोनशे रुपयांच्या जुन्या कार्डावर आजही लिनक्स बिनबोभाट चालते, त्यामागे ही मेहनत आहे.

ड्रायव्हर चढलेला नसेल तर मॉडप्रोब या आज्ञेने तो हाताने चढवावा आणि लगेच डीमेसेज, म्हणजे कर्नेलची रोजनिशी, वाचावी. ती वाचण्याचा कंटाळा हे निम्म्या फसलेल्या दुरुस्त्यांचे कारण आहे. तिच्यात बहुतेक वेळा बिघाड शब्दांत लिहिलेला असतो. काही ओळी मात्र फसव्या असतात. रियलटेक ८१३९ साठी कर्नेलमध्ये दोन ड्रायव्हर आहेत. ८१३९सीपी आधी पुढे येतो, चिप आपल्या जातीची नाही असे पाहून ‘८१३९टू वापरून पाहा’ असे लिहितो आणि मागे फिरतो; मग ८१३९टू काम सुरू करतो. त्या ओळीत काहीही बिघडलेले नसते. याउलट इंटेलच्या कार्डाबाबत ‘एनव्हीएम चेकसम वैध नाही’ ही ओळ आली तर ती गंभीर असते. कार्डावरच्या छोट्या स्मृतीतला मजकूर खराब झाला असून ड्रायव्हरने जाणूनबुजून माघार घेतली आहे, असे ती सांगते. २००८ मध्ये कर्नेल २.६.२७ च्या चाचणी आवृत्तींत एका चुकीमुळे इंटेलच्या ई१०००ई कार्डांची ही स्मृती पुसली जाऊ लागली होती आणि अनेक वितरणांना घाईने तो ड्रायव्हर बंद ठेवावा लागला. सॉफ्टवेअरने हार्डवेअर निकामी केल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत, पण आहेत.

एकाच चिपवर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात तेव्हाही कार्ड बंद पडते. रियलटेक ८१६८ ला कर्नेलमधला आर८१६९ चालवतो. कंपनीचा स्वतःचा आर८१६८ कोणी नंतर बसवलेला असला, तर कर्नेल बदलल्यावर तो नव्या कर्नेलसाठी तयार नसतो आणि जुना तर काळ्या यादीत टाकलेला असतो. दोघांच्या भांडणात कार्ड पोरके. मॉडप्रोबच्या सेटिंगच्या फोल्डरात काळी यादी उघडून पाहिल्याशिवाय हे उलगडत नाही. अलीकडच्या कर्नेलवर आर८१६९ ला ‘रियलटेक’ नावाचे दुसरे मॉड्यूलही लागते. ते संगणक सुरू होताना कर्नेलसोबत चढणाऱ्या छोट्या प्रतिमेत नसले तर रोजनिशी तसे स्पष्ट सांगते, आणि ती प्रतिमा नव्याने बांधली की काम होते.

ड्रायव्हर चढला आणि तरी कार्ड उठत नाही, तेव्हा फर्मवेअरकडे पाहावे. काही चिपांना सुरू होताना कंपनीने दिलेली एक बंदिस्त फाइल भरवावी लागते. डेबियनने मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वापायी अशा फाइली २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून कर्नेलमधून बाजूला काढल्या आणि वेगळ्या भांडारात ठेवल्या. तत्त्व आदरणीय होते, पण ज्याचे एकमेव कार्डच त्या फाइलीवाचून चालत नाही, त्याने ती फाइल कोणत्या नेटवर्कवरून उतरवायची? २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून या फाइली अधिकृत प्रतिष्ठापनेत घेण्याचे ठरवले आणि २०२३ च्या बारा क्रमांकाच्या आवृत्तीपासून तसे झाले. हा निर्णय योग्यच होता. जुन्या यंत्रावर लिनक्स बसवणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण त्याने दूर केली. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफायसाठी मात्र बी४३ ड्रायव्हरची फर्मवेअर आजही वेगळी मिळवावी लागते. वायफायच्या बाबतीत आरएफकिल ही आज्ञाही चालवून घ्यावी, कारण लॅपटॉपच्या कडेचे छोटे बटण बंद असल्यामुळे रखडलेल्या दुरुस्त्या कमी नाहीत.

यानंतरचा घोटाळा नावांचा. पूर्वी पहिले कार्ड इथ० आणि दुसरे इथ१ असे. नावे स्थिर राहावीत म्हणून उपकरणांना नावे देणारा यूडेव्ह कार्डाचा मॅक पत्ता एका फाइलीत टिपून ठेवी. जळालेले कार्ड बदलून नवे बसवले की यूडेव्ह म्हणे, इथ० तर त्या जुन्याचे, हे इथ१. नेटवर्कची सेटिंग इथ० साठी लिहिलेली, म्हणून नवे कार्ड चालू असूनही पत्ता मिळत नसे. शाळेच्या प्रयोगशाळेत एका संगणकाची डिस्क वीस संगणकांवर उतरवली की त्या सगळ्यांवर हेच घडे, आणि वीसच्या वीस कार्डे एकदम बिघडली असे वाटे. उपाय ओळभराचा: ‘७०-पर्सिस्टंट-नेट’ नावाची नियमांची फाइल काढून संगणक पुन्हा सुरू करणे. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने ही पद्धत बदलली आणि कार्डाचे नाव त्याच्या जागेवरून, जसे ईएनपी३एस०, पडू लागले. उबुंटू १४.०४ वरून १६.०४ वर नव्याने बसवलेल्या यंत्रावर ‘इथ० कुठे गेले’ हा प्रश्न यातूनच निघतो. नव्या पद्धतीतही स्लॉट बदलला की नाव बदलते, हे विसरू नये.

नाव पाहण्यासाठी ‘आयपी लिंक’ ही आज्ञा वापरावी. जुन्या सवयीने इफकॉन्फिग वापरणाऱ्याला बंद असलेले कार्ड दिसत नाही, त्यासाठी पुढे ‘ए’ लावावा लागतो. केवळ या एका अक्षरापायी चांगली कार्डे ‘ओळखली जात नाहीत’ म्हणून काढली गेली आहेत. आयपी लिंकच्या ओळीत ‘नो-कॅरियर’ असेल तर केबलकडे, ‘डाउन’ असेल तर कार्ड उठवण्याकडे वळावे. दोन्ही ठीक असून पडद्यावरच्या नेटवर्कच्या चिन्हाखाली ‘व्यवस्थापनाबाहेर’ असे दिसले, तर कोणीतरी त्या कार्डाची सेटिंग जुन्या ‘इंटरफेसेस’ फाइलीत लिहून ठेवली आहे आणि नेटवर्कमॅनेजर शिष्टाचाराने दूर राहिला आहे. दोघांपैकी एकाच्याच हाती कारभार द्यावा.

या सगळ्यात एक अडचण कायम असते: ज्या संगणकाला नेटवर्क नाही त्यावरच फाइली आणायच्या आहेत. आज तिचे उत्तर बहुतेकांच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की लिनक्सला तो फोन लॅन कार्डासारखा दिसतो; त्याचा ड्रायव्हर बऱ्याच जुन्या कर्नेलमध्येही असतो. तेवढ्यावर फर्मवेअर, कर्नेलचे हेडर, लागेल ते उतरवता येते. आधार संपलेल्या आवृत्तीवर अ‍ॅप्ट ‘सापडत नाही’ म्हणाला, तर भांडाराचा पत्ता बदलून उबुंटूसाठी ‘ओल्ड-रिलीजेस’ आणि डेबियनसाठी ‘आर्काइव्ह’ हा द्यावा. फोनची सोय नसेल तर पेन ड्राइव्ह आणि शेजारचा संगणक. मात्र पॅकेज त्याच आवृत्तीचे आणि त्याच ३२ किंवा ६४ बिटांचे हवे.

अशा वेळी संपूर्ण लिनक्स पुन्हा बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. नव्याने बसवल्याने सेल भरत नाही, जळालेली चिप उठत नाही, आणि रोजनिशीतला पुरावा तेवढा पुसला जातो. शंकाच असेल तर दुसऱ्या, नव्या वितरणाची लाइव्ह प्रत पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. तिथे कार्ड चालले तर दोष जुन्या कर्नेलचा किंवा सेटिंगचा. तिथेही चालले नाही तर यंत्राचा. ३२ बिटांच्या यंत्रांना ही निवड आता थोडी राहिली आहे. उबुंटूने त्यांच्यासाठीची डेस्कटॉप प्रत २०१७ मध्ये १७.१० पासून थांबवली आणि डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी प्रतिष्ठापनाच दिली नाही.

चिप मेलीच असेल तर बदल करणे स्वस्त पडते. पीसीआयचा स्लॉट रिकामा असेल तर रियलटेक ८१३९ किंवा ८१६९ चे जुने कार्ड, आणि तो नसेल तर यूएसबीचा लॅन जोड घ्यावा. जोड घेताना आत एसिक्स ८८७७२ किंवा रियलटेक ८१५२, ८१५३ ची चिप आहे का, एवढे दुकानदाराला विचारावे. या चिपांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहेत, मात्र ८१५२ आणि ८१५३ साठी कर्नेल २०१३ नंतरचे हवे. नवे कार्ड बसवल्यावर मदरबोर्डवरची मेलेली लॅन बायोसमधून बंद करावी, म्हणजे दर वेळी संगणक सुरू होताना कर्नेल तिच्यापाशी अडकत नाही. आणि पुढच्या वळवाआधी मोडेमची टेलिफोनची तार काढून ठेवण्याची सवय लावावी.